सवतीची पगलं

आमच्या तापीकाठी बिजवराशी लग्न लागलं की नवरीच्या गळ्यात मंगळसूत्राच्या आधी चांदीची पगलं येतात. नखाएवढी दोन पावलं, चौकोनी पत्र्यावर उठवलेली. पावलं कुणाची, तर मेलेल्या सवतीची. ती गळ्यात असली की सवत शांत राहते, नव्या बाईला छळत नाही, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे सगळेच म्हणतात. मीही म्हणत होते. माझी बहीण तापी, तिच्या गळ्यातली पगलं आमच्याच थोरल्या बहिणीची होती, मंगलाची. एवढाच काय तो फरक.

आम्ही तिघी बहिणी. मंगला जिजी गेली तेव्हा बापाने मधलीला, तापीला, त्याच घरात दिली. माणसं चांगली, जमीन नदीच्या गाळाची, जावई शांत स्वभावाचा, मग दुसरं दार कशाला शोधायचं? मी तिसरी, जसोदा. तिघी एकाच साच्यातल्या: गोल तोंड, रुंद हाडं आणि जिभेला कुलूप नाही. कुलूप नसण्यात माझा नंबर पहिला.

आणि त्या घरची सासू सुंदरबाई. तिला कुणी वाईट म्हटलं तर त्याची जीभ झडो. तिच्या दारचं कुत्रंसुद्धा तूप लावलेली भाकरी खायचं. ती वाईट असती तर मी दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

मुंबई राज्य मोडायचं होतं अजून, तेव्हाची ही गोष्ट. कापूस वेचणीला आला होता. तापी अंगाने सुकत चालली आहे, जसोदाला चार दिवस पाठवा, असा निरोप आला आणि मी गेले. पोचले त्याच्या दुसऱ्याच दिवशी अमावास्या होती.

सकाळपासून तापीने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ऊन डोक्यावर आलं तेव्हा सुंदरबाईने मधल्या खोलीत पाट मांडला, दक्षिणेकडे तोंड करून. ताट बघून माझे डोळेच फिरले. खापरावरची पुरणपोळी, तुपात तळलेल्या बट्ट्या, भज्यांचा ढीग, आणि तुपाची वाटी म्हणाल तर वाटी नव्हेच, तांब्या! तापीने गळ्यातली पगलं तुपात बुडवली, कपाळाला लावली आणि पाटावर बसली.

"खाय मंगला," सुंदरबाई म्हणाली. "पोटभर खाय, माय."

मला हसू फुटलं. म्हातारीची जीभ घसरली असं वाटलं. पण बाकी कुणी हसलं नाही. दाजी, म्हणजे सुपडू पाटील, दोघींचा नवरा, उंबऱ्यापाशी मान खाली घालून बसले होते. तापीने डोकं वर केलं आणि म्हणाली, "वाढ." बस्स, एवढंच. पण तो तापीचा आवाज नव्हता. मंगला जिजी जेवताना असंच म्हणायची, शेवट ओढून, लाडात. माझं हसू घशातच राहिलं.

हे सवतीचं ताट. दर अमावास्येला सवतीला जेवू घालायचं, आणि ती जेवते नव्या बाईच्या तोंडाने. म्हणून तेवढा वेळ तिला मेलेलीच्या नावाने हाक मारायची. ताटात शीतसुद्धा राहू द्यायचं नाही. राहिलं तर सवत उपाशी उठते.

ऊन कलायला लागलं आणि तापीच्या हातातलं सूप खाली पडलं. आधी ती नुसती बसली, मग उठली, मग आडवी झाली, पुन्हा उठली. कशातच जीव लागेना. उजव्या बरगडीखाली मूठ दाबून धरलेली, चेहरा घामाने डबडबलेला. "पाठीम्हा बी जास वं," म्हणाली, आणि उजव्या खांद्यामागे हात न्यायला लागली. मग हिरवंगार ओकली. मी तिची चोळी सैल केली, पंख्याने वारा घालायला, आणि माझा हात तिथेच थांबला. बरगडीखाली, बरोबर दुखत होतं तिथे, कातडीवर दोन लाल पावलं उमटली होती. कुणीतरी तिच्या पोटावर उभं राहून नुकतंच खाली उतरलं होतं.

आता सांगायला सोपं आहे. पगलांचा दोरा लांब होता. दुखलं की ती गुडघे पोटाशी घेऊन दुमडायची आणि चांदी मुठीत धरून तिथेच दाबायची. पण तेव्हा कुणाला सुचतंय? मी भिंतीला पाठ लावून बसले.

"जिजी उभी ऱ्हास मन्हा पोटवर," तापी म्हणाली. तक्रार नव्हती हो तिच्या बोलण्यात. पाहुणी आल्याचं सांगावं तसं सांगितलं.

दिवेलागणीला दुखणं जसं आलं तसं गेलं. तापी उठली, तोंड धुतलं आणि कणीक मळायला बसली. मी सुंदरबाईला परसात गाठलं. ती आपल्या उजव्या बरगडीखाली हात ठेवून म्हणाली, "मंगलाले बी आठेच दुखे. अस्साच हात धरे ती." आणि मग हळूच सांगितलं की शेवटी शेवटी मंगलाचे डोळे पिवळे झाले होते, नखं पिवळी, तळवे पिवळे. गावातल्या बाया कुजबुजत होत्या, "लगीननी हयद परत चढनी." त्या हळदीतच जिजी गेली.

आता सुंदरबाईचा हिशोब ऐका. तापीला दुखतं म्हणजे मंगला अजून अतृप्त आहे. अतृप्त आहे म्हणजे जेवण कमी पडतं. म्हणून ताट अमावास्येचं होतं ते पुनवेलाही सुरू झालं, मग दर सोमवारी. तूप वाढत गेलं आणि दुखणंही वाढत गेलं. लोक आगीत तेल ओततात. आमच्या घरी तूप ओतत होते, तेही साजूक, आणि डोळ्यांत पाणी आणून.

चार दिवसांसाठी आलेली मी तिथेच राहिले होते. एका सोमवारी तापीला पाटापर्यंत चालवेना. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सरा. आज मी बसस."

"तू कसाले?" सुंदरबाई दचकली.

"मी बी तिन्हीच बहीण शे. तिले जेवाले तोंड पाह्यजे ना? मन्हं तोंड काय वाईट शे?"

दाजींना एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. सुंदरबाईने कुरकुर केली, पण तापीची दशा तिलाही बघवत नव्हती. तापी चुलीपाशी बसली, ज्वारीची भाकरी आणि मुगाच्या डाळीचं पाणी घेऊन. मी पाटावर बसले. "खाय मंगला," म्हातारी मला म्हणाली, आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. पण खोटं कशाला बोलू, बट्ट्या झकास झाल्या होत्या. मी ताट चाटूनपुसून साफ केलं.

दुपार कलली. तापी ओसरीवर कापूस निवडत बसली होती, ठणठणीत. मी तिला म्हणणार होते, बघ, गेली ना तुझी जिजी? तेवढ्यात माझ्या उजव्या बरगडीखाली कुणीतरी टाच रोवली.

आधी वाटलं, खादाडपणा नडला. मग त्या टाचेवर भार पडला. श्वास घ्यावा तर बरगडी आत रुतते, सोडावा तर उजव्या खांद्यामागे कुणी बोट खुपसतंय. पोटात दुखणं मला ठाऊक होतं. हे तसलं मुरडून सोडून देणारं नव्हतं, धरलं ते धरलंच. मी जमिनीवर आडवी झाले. माझ्या गळ्यात काही नव्हतं, चोळीखाली काही नव्हतं. तरी दोन पावलं मला स्पष्ट कळत होती. लहान, गार, शेजारी शेजारी. मंगला जिजीचे पाय लहानच होते.

सुंदरबाई दारात येऊन उभी राहिली. जवळ आली नाही. बाहेर दाजींना सांगताना मी ऐकलं: "आते तिसरीले बी धरं तिनी. तापी गई तर हाईच येवाव शे ना ह्या घरम्हा. तिले आधीच माहीत शे."

तुम्हाला सांगते, त्या वाक्याने मी दुखणं विसरले. तापी मेली तर त्या पाटावर मी बसणार होते. गळ्यात दोन जोड पगलं घालून, दोन बहिणींची ताटं खात. आणि खोटं नव्हतं ते. माझ्या बापाने तेच केलं असतं.

दुखणं उतरल्यावर मी म्हातारीशी भांडले. म्हटलं, डोळे उघडून बघ की! आज तापीने ताट खाल्लं नाही, तिला दुखलं नाही. मी खाल्लं, मला दुखलं. दोष त्या ताटात आहे. तर ती शांतपणे म्हणते, "ताट तिन्हं, मंग दुखनं बी तिन्हंच ना? जी खाई तिन्हा आंगम्हा ती येई." घ्या! गोष्ट एकच, आणि दोघींनी ती आपापल्या बाजूला ओढली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तापीला हुडहुडी भरून ताप आला. गोधडीवर गोधडी टाकली तरी दात वाजत होते. सकाळी उन्हात बसवलं आणि मी तिच्या डोळ्यांत बघितलं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीत बुडवून काढल्यासारखा झाला होता. लघवी चहासारखी काळी. मी दाजींकडे बघितलं. तेही तेच बघत होते.

सुंदरबाईला कारण सापडलेलं होतंच: मंगलाचं ताट दुसऱ्याच तोंडात गेलं, म्हणून ती रागावली. तिने पाट मांडला. सोमवार नव्हता, काही नव्हतं. तुपाचा वास घरभर सुटला. आणि सगळ्यात वाईट काय सांगू? तापी स्वतः उठली. भिंत धरत धरत, पिवळ्या डोळ्यांनी, त्या ताटाकडे निघाली.

"दे," म्हणाली. "तिले भूक लागनी."

मला भीती वाटत होती, खोटं सांगत नाही. पण मला भीती वाटली की राग येतो, हा माझा जन्माचा रोग आहे. मी ताट उचललं आणि अंगणात भिरकावलं. बट्ट्या घरंगळत गोठ्यापर्यंत गेल्या.

"सत्यानास कया!" सुंदरबाई किंचाळली आणि माझ्यावर हात उगारून आली. तापी पाटावर कोसळली आणि हुंदके द्यायला लागली, ते हुंदके कुणाचे होते कोण जाणे. तेव्हा दाजी बोलले. त्या माणसाने मोठ्याने बोललेलं मी तोवर ऐकलंच नव्हतं.

"आई, मंगलाना डोया बी आसाच व्हयना व्हतात."

"व्हयना व्हतात. म्हनीसन तर..."

"तवय बी तू तिले तूपच दिधं. गाय वासरू चाटस तशी चाटी-पुशी खावाडं. शेवटला दिनलगून." त्यांचा आवाज फाटला. "ती काय जगनी का?"

सुंदरबाईचा हात हवेतच राहिला. दाजी गाडी जुंपायला गेले.

होडीतून तापी नदी ओलांडली, पुढे पुन्हा गाडीने नंदुरबार, आणि तिथून आगगाडीने चिंचपाडा. तिथल्या मिशनच्या दवाखान्याचं नाव दाजींनी बाजारात ऐकलं होतं. तापी अख्ख्या वाटेत माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. नदीत होडी हलली तेव्हा म्हणाली, "जिजी बी बठनी शे बरं." मी म्हटलं, बसू दे, तिला तिकीट लागत नाही. म्हटलं खरं, पण शेजारच्या फळीकडे बघायचं मी टाळलं.

डॉक्टरांनी भुतंखेतं काही विचारली नाहीत. कुठे दुखतं, पाठीत जातं का, काय खाल्ल्यावर, ताप कधीपासून, एवढंच विचारलं. मी सगळं सांगितलं, ताटासकट. त्यांनी तापीच्या बरगडीखाली बोटं ठेवली, श्वास घ्यायला लावला, आणि तिचा श्वास अर्ध्यातच अडकला. मग म्हणाले, यकृताच्या खाली पित्ताची एक पिशवी असते. तिच्यात खडे धरले आहेत. तूप-तेल पोटात गेलं की ती पिशवी आवळते आणि खडा वाटेत अडकतो. आता तो अडकूनच बसला आहे, म्हणून डोळे पिवळे. आधी सुया देऊन ताप उतरवू, मग पोट उघडावं लागेल. उशीर झाला आहे, जिवाची खात्री देत नाही.

ताप उतरला आणि तापीला आत न्यायची वेळ आली. निर्मलाबाई नावाची नर्स होती, ती म्हणाली, गळ्यातलं काढा. तापीने दोन्ही हातांनी पगलं धरून ठेवली. ती जमिनीवर ठेवायची नसतात, खुंटीला टांगायची नसतात. बाईच्या अंगावरच असायला हवीत. निर्मलाबाई काही ऐकेना.

"जसोदा, तू घाल," तापी म्हणाली.

मी घातली. दाजींनी तोंड फिरवलं. तिसऱ्या बहिणीच्या गळ्यात ती चांदी त्यांना बघवली नाही. तापीला घेऊन दार बंद झालं.

मी व्हरांड्यात बसून राहिले. चांदी तापीच्या अंगाची ऊब घेऊन आली होती, ती निवेचना. गारठा होता, माझे हात गार, पाय गार, आणि छातीवर तेवढीच दोन पावलं गरम. दार उघडलं की कळणार होतं, ही पुन्हा तिच्या गळ्यात जातात की माझ्याच राहतात. मग माझा तोल गेला. मी जिजीशी भांडायला लागले, मोठ्याने. किती खाशील गं? दोघींच्या पाठीवरची मी, मला कडेवर घेऊन हिंडलीस, आणि आता आम्हालाच खातेस? एवढी कसली गं तुला तुपाची भूक?

आणि बोलता बोलता मला आठवलं. जिजी शेवटची माहेरी आली होती तेव्हा आईने पोळीवर तूप वाढलं, आणि जिजीने ताट सारलं. "माय, तूप नको. तुपना वास बी नको वाटस," म्हणाली होती. आई रागावली, सासरी लाडावली म्हणाली. जिजी तूप मागत नव्हतीच. जिवंतपणी नको म्हणाली, कुणी ऐकलं नाही. मेल्यावर जिच्या जिच्या पोटात तूप गेलं तिच्या बरगडीवर उभी राहून ती तेच सांगत असेल, तर? मी पगलं मुठीत धरली आणि ढसाढसा रडले.

दार उघडलं. निर्मलाबाईच्या हातात बाटली होती, बाटलीत खडे, मक्याच्या दाण्याएवढे, काळपट-पिवळे. "जगली तुमची बहीण," म्हणाली. दाजी खांबाला धरून खालीच बसले.

आम्ही निघताना डॉक्टरांनी मला थांबवलं. एका आईच्या मुलींना हे होतं पुष्कळदा, म्हणाले, तुलाही असणार. सध्या तूप-तळण बंद, उपास करून मग ठासून जेवणं बंद. दुखणं राहिलं नाही, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी निघायचं, वाट बघायची नाही. माझे खडे अजून पोटातच आहेत. लग्नाकार्यात कुणी आग्रह केला आणि मी भुलले, की ती गार पावलं येतात. मी म्हणते, कळलं गं जिजी, आणि वाटी बाजूला सारते.

पण त्यानंतरच्या अमावास्येचं सांगायचं राहिलं. तापी घरी आली, पगलं पुन्हा तिच्या गळ्यात गेली. अमावास्या आली तशी सुंदरबाई गप्पगप्प फिरत होती. पाट मांडू की नको, विचारायची हिंमत होत नव्हती. तापीनेच मांडला. ताटात ज्वारीची भाकरी आणि मुगाचं पाणी.

"हाई काय?" सुंदरबाई म्हणाली. "तिन्हं ताट कोरडं?"

"तिले बी पथ्य शे, आत्याबाई," तापी म्हणाली. "तिन्हा बी पोटम्हा हाईच व्हतं."

देवळीत खड्यांची बाटली होती. सुंदरबाईने ती हातात घेतली, उजेडात धरली. मग माझ्याकडे वळली. "जसोदा, मंगलाले म्या मारं का वं? मन्हा हातघाई तूप घाली घाली?"

जिभेला कुलूप नसलेली मी. त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तिने जीव लावून वाढलं होतं हो, जीव लावून!

तापी पाटावर बसली. भाकरीचा तुकडा मोडून तिने तोंडात घातला. सुंदरबाई तिच्यासमोर बसली, पदर तोंडाला लावला, आणि म्हणाली, "खाय मंगला. कोरडंच खाय, माय."

"वाढ," कुणीतरी म्हणालं. शेवट ओढून, लाडात.

मी तापीकडे बघितलं. ती घास चावत होती, ओठ मिटलेले होते. दाजींनी मान वर केली होती. सुंदरबाईने इकडेतिकडे बघितलं नाही. तिने टोपलीतून आणखी एक चतकोर काढली आणि ताटात वाढली.